आमच्या घरी पाहुण्याला ‘बसा’ म्हणत नाहीत

सम्यक सहा वर्षांचा होता तेव्हा त्याने माझा समोरचा दात पाडला. मी त्याला मागून कवेत धरलं होतं, त्याने मान मागे फेकली. दात ओठात रुतून तुटला. मी रक्त थुंकायला मोरीकडे वळले तेवढ्यात तो भिंतीवर कपाळ आपटू लागला. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, उशी घेऊन धावले आणि भिंत व डोकं यांच्यामध्ये ती धरून उभे राहिले. तो त्यांच्या मनगटाला चावला. मामाजी ओरडले, पण उशी सोडली नाही.

असे दिवस आमच्या घरी नवे नव्हते. टीव्हीची काच त्याने तांब्याने फोडली होती. कपबश्या आम्ही माळ्यावर टाकल्या आणि सगळे जण स्टीलच्या गिलासात चहा प्यायला लागलो. माझ्या हातात काचेच्या बांगड्या राहिल्या नाहीत, कारण झटापटीत त्या फुटायच्या आणि कधी त्याला, कधी मला कापायच्या. रिकाम्या हातांनी मी शाळेत जायचे तेव्हा गल्लीतल्या बायका नवऱ्याची खुशाली विचारायच्या. रात्री आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, धाकट्या मैत्रीला घेऊन स्वयंपाकघरात झोपायच्या आणि आतून कडी लावायच्या. आपल्याच नातवाच्या भीतीने.

कुकरची शिट्टी, अंगावरचा ओला सदरा, लाईट जाणं, शेजारच्या वरातीचा बँड, यातलं काहीही पुरायचं. आम्ही त्याला भडका म्हणायचो. “भडका उठला” असं कोणी म्हणालं की ज्याच्या हातात जे असेल ते टाकून सगळे धावायचे.

मी कोण

मी मध्य प्रदेशातल्या तिगावची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. तिगावाहून पांढुर्ण्याला जाऊन येऊन मी बी.ए. केलं. हे मी सांगते, आणि पुन्हा सांगेन, कारण ते फुकट मिळालेलं नाही. लग्न होऊन सौंसरला आले आणि सरकारी शाळेत अतिथी शिक्षक, म्हणजे तात्पुरती शिक्षिका, झाले. सम्यकचे बाबा संत्र्याच्या मंडीत मालाची छाटणी, म्हणजे प्रतवारी, बघतात. आमच्या घरात मराठी, माझ्या शाळेत हिंदी, आणि गल्लीत दोन्हींची खिचडी.

म्हणून लोकांचं बोलणं मला जास्त लागायचं. “मास्तरीन बाई दुसऱ्याची पोट्टी शिकवते अन् सोताचं तिले चावते,” असं समोरच्या काकू नळावर म्हणाल्या होत्या. आत्याबाईंचं वेगळंच. सम्यकने वाटी फेकून मारली की त्या म्हणायच्या, “पांढुर्ण्याकडचं रक्त हाये माय. गोटे मारल्याशिवाय थोडी राह्यते!” पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, दोन बाजूंचे लोक एकमेकांना दगड मारतात, त्यावरून हे.

नागपूरचा दिवस

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला बराच वेळ नुसतं पाहिलं. तो टेबलाखाली शिरून खुर्चीचं चाक फिरवत होता. मग त्या म्हणाल्या, “याला ऑटिझम आहे.”

सम्यकच्या बाबांनी विचारलं, “गोळ्या किती दिवस घ्या लागतीन?”

“गोळीने जाणारं नाही हे. मुलाची घडणच अशी आहे. झोप, पोट, कान यांचा त्रास असेल तर आपण बघू. पण मूल असंच आहे आणि असंच मोठं होईल. आपल्याला त्याच्यासोबत राहायला शिकायचं आहे.”

मी कागदावर शब्द लिहून घेतला. परीक्षेत लिहिल्यासारखा, स्वच्छ अक्षरात. बाहेर आल्यावर मात्र मला जिना दिसेना. सम्यकचे बाबा बाकावर टेकले, पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलू लागले. एक एक फोड ते सम्यकला देत होते आणि तो शहाण्यासारखा खात होता. संत्रं संपलं, दुसरं काढलं. त्या दिवसाचं एवढंच बरं आठवतं.

पुढे तिथल्या थेरपीला आम्ही जायला लागलो. बाहेर व्हरांड्यात आयांची रांग असायची. पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या बाईने माझ्या हातावरचे ओरखडे पाहिले आणि न बोलता स्वतःची बाही वर केली. तिचा हात माझ्यापेक्षा वाईट होता. “खांद्यावर अजून हायेत,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. समोरचा दात नसताना मी पहिल्यांदा कोणासमोर हसले ती ती बाई.

थेरपीच्या ताईंनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही: “हा हट्ट नाही. हट्ट करणारं मूल मध्येच डोळा उघडून बघतं, आई बघतेय का. याला त्या वेळी तुम्ही दिसतही नाही. डोक्यात इतकं भरलेलं असतं की बाहेर येतं ते हातापायांतून येतं.” दुसरी: “त्या वेळी घरात सगळे एकदम बोलता ना? बोलणं कमी करा. एक शब्द ठरवा. सगळ्यांनी तोच, दुसरा नाही.”

एक शब्द

घरी येऊन आम्ही सगळे अंगणात जमलो. मामाजी म्हणाले, ‘गप’ ठेवा. सम्यकचे बाबा म्हणाले, ‘चूप’. मी दोन्ही खोडून काढले. म्हटलं, लेकरू उद्या हिंदी शाळेत जाईल, घरी मराठी ऐकेल. शब्द असा पाहिजे जो दोन्हीकडे चालेल. ‘बस’ ठेवा. हिंदीत बस म्हणजे पुरे, मराठीत बस म्हणजे खाली टेक. एका शब्दात दोन्ही कामं.

“वा, शिकल्या सवरल्याचं हे असं राह्यते!” मामाजी म्हणाले. मला बरं वाटलं.

तेव्हापासून सम्यक कुरकुरायला लागला की सगळे म्हणायचो, “बस. बस.” आणि भडका वाढला की आवाजही वाढायचा. “बस! बस खाली! खाली बस!”

आणि तो पहिल्यापेक्षा जास्त पेटायला लागला.

आधी तो जागच्या जागी लोळायचा, आपटायचा. आता सरळ दाराकडे धाव घ्यायचा आणि दाराजवळच्या चपला उचलायचा. आपल्याच, दोन्ही. चपला हातात घेऊन येणारं लेकरू पाहून कोणाला काय वाटेल? आम्हाला वाटलं, हा आता चपलेने मारायला शिकला. मामाजींना त्याचं फार लागलं. “बापजाद्यांवर चप्पल उगारते बे?” म्हणत ते दारात आडवे व्हायचे. सम्यकचे बाबा मागून धरायचे. मी ओरडायचे, “बस! बस!” आणि तो आमच्या तोंडावर, डोक्यावर, जिथे लागेल तिथे त्याच चपला हाणायचा, दंडाला दात लावायचा, केस मुठीत धरून उपटायचा. आम्हीही त्याला दाबायचो. एकदा चौघे त्याच्या अंगावर होतो. चार मोठी माणसं आणि खाली एक लेकरू, आणि चौघांच्या तोंडात तो एकच शब्द. त्याचा चेहरा निळा पडल्यावर आम्ही हात सोडले.

थेरपीच्या ताईंना मी फोनवर सांगितलं, शब्द ठरवला, सगळे पाळतात, तरी वाढलं. कोणता शब्द ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. “धीर धरा, वेळ लागतो,” त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर एका दुपारी मैत्री त्या दारात उभी होती. ती चार वर्षांची. तो चपला घेऊन धावला, आम्ही ओरडलो, त्याने तिला ढकललं. कडीचा लोखंडी कोपरा तिच्या भुवईवर बसला. डोळ्याच्या इतक्या जवळ की मधलं अंतर एका बोटाने झाकेल. तिच्या फ्रॉकचा रंग ओळखू येईना. तिला उचलताना मी घसरून पडले आणि माझं मनगट मोडलं.

टाके घालून आणल्यावर तिचे बाबा म्हणाले, “मी नाई ठेवत त्याले आता घरी. पोरीचा डोळा गेला असता तं?”

“कुठी ठेवता?”

“मंडीतल्या एकानं जागा सांगतली. नागपूरच्या पुढं. अशीच लेकरं राह्यतेत तिथं.”

मी ती जागा पाहून आले होते. थेरपीतल्याच एका आईने दाखवली होती. तिथे एक मोठा मुलगा ओढणीने खिडकीच्या गजाला बांधलेला होता आणि तो रडतही नव्हता. मी नवऱ्याला ते सांगितलं. ते भिंतीकडे पाहत म्हणाले, “आपन काय करून राहिलो मंग घरी? आपनही तं बांधूनच राहिलो ना.”

त्याला तिथे न्यायचा दिवस ठरला.

चपला

त्या सकाळी त्याची कापडी पिशवी दारापाशी भरून ठेवली होती. बाबा ऑटो आणायला गेले. आत्याबाई रडत होत्या म्हणून त्यांचं कुकरकडे लक्ष नव्हतं. शिट्टी लागोपाठ वाजली आणि भडका उठला.

सम्यकने आधी स्वतःच्या गालावर मारून घेतलं, मग खिडकीच्या कडेवर कपाळ आपटलं. कातडी फाटली. मामाजी सवयीने ओरडले, “बस! खाली बस, बाबू, खाली बस!” तो दाराकडे धावला. चपला उचलल्या. मामाजींनी वाट अडवली, त्याने त्यांच्या पोटात डोकं घातलं आणि ते दारातल्या पोत्यावर आदळले. माझा हात प्लास्टरमध्ये. पहिल्यांदाच त्याला धरायला कोणी नव्हतं.

तो बाहेर गेला. मी मागे पळाले. वाटलं, रस्त्यावर जाऊन हा गाडीखाली येतो.

आमच्या घरासमोरूनच नागपूरकडचा रस्ता जातो. तो रस्त्याच्या कडेला, नालीच्या फरशीवर थांबला. हातातल्या चपला खाली ठेवल्या. त्यात पाय घातले, उजवा डाव्यात, डावा उजव्यात. कपाळावरचं रक्त भुवईतून ओघळत होतं, ते त्याने पुसलंसुद्धा नाही. आणि स्टँडच्या बाजूला तोंड करून उभा राहिला. शांत. एखादा प्रवासी उभा राहतो तसा.

मी जवळ गेले. त्याने मला ढकललं नाही. रस्त्याकडे बोट करून म्हणाला, “बस.”

आमच्या घरी बसला बस कोणी म्हणत नाही, सगळे गाडी म्हणतात. नागपूरची गाडी, छिंदवाड्याची गाडी. त्याला ‘बस’ शिकवली होती मी. शाळेतला हिंदी चित्रांचा तक्ता घरी आणून. ब से बस. लाल बसच्या चित्रावर तो तासन्‌तास बोट ठेवून राहायचा आणि मी म्हणायचे, बस. त्याने तो शब्द तोंडातून कधी काढला नव्हता, पण त्याला तो पक्का येत होता. आणि खाली म्हणजे काय, ते सौंसरच्या स्टँडवर कोणालाही विचारा. कंडक्टर ओरडतच असतात, खाली है, खाली है, आ जाओ.

आम्ही इतके महिने त्याला सांगत होतो: बस आली. खाली बस. रिकामी बस. तो चपला घ्यायला धावायचा, जसं कोणीही धावेल. आणि आम्ही दार अडवायचो, अंगावर चढायचो, आणि वरून ओरडायचो, बस, बस, बस.

मी त्या फरशीवरच टेकले. तितक्यात लोधीखेड्याकडची गाडी आली. मी प्लास्टरचा हात वर केला.

कंडक्टर माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप. लेकराचं रक्त पाहून तो दचकला. “अरे मैडम, ये क्या? दवाखाने जाना है क्या?”

“नहीं भैया. बैठना है बस.”

“बैठो, पूरी खाली है. टिकट का कल देखेंगे.”

सम्यक खिडकीत जाऊन ऐटीत विराजमान झाला. मी पदराने त्याचं कपाळ दाबून धरलं. त्याने दाबू दिलं.

संक्रांतीपर्यंत

परत आलो तेव्हा ऑटो दारात होता आणि सम्यकचे बाबा रस्त्यावर आम्हाला शोधत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “एका शब्दापायी एवढं मारते का कोनी?”

मी म्हटलं, “तुम्हाले स्टेशनावर गाडी आली म्हनून बोलावलं, अन् धावत गेले तं चार जनांनी खाली पाडून दाबलं. रोज. काय कराल तुम्ही?”

ते पिशवीकडे पाहत राहिले. मग ऑटोवाल्याला म्हणाले, “जा भाऊ तू.” आणि मला म्हणाले, “संक्रांतीपर्यंत पाहू. मैत्रीले अजून एक खूण झाली तं मी ऐकनार नाई.”

एक शब्द सोडणं किती कठीण असतं ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि हा शब्द तर मराठी माणसाच्या दारातच असतो. पाहुणा आला की पहिलं काय म्हणतो आपण? या, बसा. समोरच्या काकू आल्या आणि आत्याबाई घाईने म्हणाल्या, “या बाई, ब... टेका. टेका तिथं.”

“टेका म्हंजे? मी का म्हातारी झाली?” काकू उभ्याच राहिल्या. गल्लीभर झालं की मास्तरीनच्या घरी आल्यागेल्याला बसा म्हणत नाहीत. मामाजी मुद्दाम मोठ्याने सांगायचे, “आमच्या इथं टेकाच लागते. पटलं तं टेका, नाई तं उभे ऱ्हा!”

भडके थांबले का? नाही. हे मी साफ सांगते, कारण वाचणाऱ्या आईबापांना खोटी आशा मिळाली तर त्याचं उट्टं लेकरावर निघतं. शिट्टी वाजतेच, लाईट जाते, ताप येतो. पण भडक्याच्या वर आम्ही जो भडका घालत होतो तो बंद झाला. आता ठरवलेला शब्द कोणताच नाही. तो कान चोळत चवड्यांवर चालायला लागला की ओळखायचं. आत्याबाई मैत्रीला घेऊन काकूंकडे जातात. मामाजी फाटक लावून बाहेर पाठमोरे उभे राहतात आणि तोंडात सुपारी धरतात, म्हणजे बोलणं होत नाही. आत एकच माणूस. दिवा बंद, जमिनीवर जाड गोधडी, हाताशी उचलून फेकण्यासारखं काही नाही. धरायचं नाही. डोकं आपटलं तर उशी मध्ये घालायची, मामाजी घालायचे तशी, बाजूने. समोर उभं राहायचं नाही. मार बसतो. बसू द्यायचा, आणि बोलायचं नाही. तो निवला की पाणी द्यायचं. का केलंस, असं विचारायचं नाही. त्यालाही ठाऊक नसतं.

आणि रविवारी खरी बस. चित्र दाखवायचं, चपला घालायच्या, लोधीखेड्यापर्यंत जायचं आणि यायचं. म्हटलं की न्यायचंच.

संक्रांत गेली. सम्यकच्या बाबांनी पिशवीचा विषय काढला नाही. पण पिशवी उकललीही नाही. ती खुंटीला तशीच भरलेली लटकत राहिली, आणि मी तिच्याखालून रोज ये-जा करत राहिले.

भावाचं लग्न

उन्हाळ्यात पांढुर्ण्याला माझ्या भावाचं लग्न होतं. बुद्धवंदना होईपर्यंत सम्यक चांगला होता. मग कोणीतरी डीजे लावला. मी बायकांमध्ये होते. त्याचं कान चोळणं त्याच्या बाबांना दिसलं, पण गर्दीतून पोचायला उशीर झाला. सम्यकने जेवणाच्या टेबलावरचं कापड ओढलं. वरणाचं भांडं, पत्रावळ्या, सगळं खाली. एका पाहुण्याच्या धोतरावर गरम वरण. मग त्याने फरशीवर डोकं आपटलं, आणि बाबा जवळ आले तेव्हा त्यांच्या खांद्यात दात रोवले. पांढऱ्या सदऱ्यावर लाल डाग पसरला.

माझे एक चुलतकाका पुढे आले. “अरे बस कर ना बे! कोनी बसवा त्याले खाली! बस!”

सम्यकची मान त्या शब्दाला उठली. तो दाराकडे पाहायला लागला. काका त्याला धरायला वाकले. मला वाटलं, झालं. सगळं परत पहिल्यासारखं होणार, एवढ्या लोकांसमोर.

सम्यकच्या बाबांनी काकांना एका हाताने बाजूला सारलं. काही बोलले नाहीत. आपण फरशीवर, सांडलेल्या वरणात टेकले, सम्यकपेक्षा ठेंगणे झाले. त्याने त्यांच्या कानशिलात मारलं. त्यांनी डोळे मिटले, हात उचलला नाही. परत मारलं. मी डीजेची वायर ओढली आणि लोकांना बाहेर ढकलत होते. “काय तमाशा हाये, माय,” कोणी म्हणत होतं. मी म्हटलं, “हो, हाये. व्हा बाहेर.”

मी वळून पाहिलं तर फरशीवर दोघेही नव्हते, आणि दारातल्या ढिगातून त्याच्या चपलाही गेल्या होत्या.

मला कुठे जायचं ते कळलं. स्टँडवर एक गाडी उभी होती, इंजिन बंद. मागच्या सीटवर दोघे. सम्यक खिडकीला कपाळ लावून, बाबा रुमालाने खांदा दाबून.

“कुठी जाते ही गाडी?” मी विचारलं.

“मालूम नाई,” ते म्हणाले. “पन खाली हाये.” आणि इतक्या दिवसांनी ते मोकळे हसले. खांदा दुखला म्हणून मध्येच थांबले, परत हसले.

सौंसरला आल्यावर त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि सम्यकचे कपडे एक एक करून फळीवर ठेवले.

सम्यक आमच्या घरी राहतो. मैत्री त्याच्या शेजारच्या गादीवर झोपते, आणि स्वयंपाकघराच्या दाराची कडी मामाजींनी काढून टाकली आहे.